नेट तुटलं तरी डाउनलोड वाया जाऊ नये! मोबाइलच्या टर्मिनलवरून सर्व्हरवरची फाइल कशी आणायची?

समजा, तुम्ही मानोरा तालुक्यातल्या एखाद्या गावात बसला आहात. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक मोठी फाइल हवी आहे. रात्री जेवण झाल्यावर डाउनलोड लावलं. साठ टक्के, सत्तर टक्के, नव्वद टक्के... आणि लाईट गेली. त्याबरोबर टॉवरची रेंजही गेली. थोड्या वेळाने रेंज आली, पण ब्राउझरमध्ये लाल अक्षरांत "डाउनलोड फेल". परत बटण दाबलं तर आकडा पुन्हा शून्यावर! आणि दिवसाचा दीड जीबीचा पॅक संपत आलेला.

हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांनी घेतला असेल. यात दोष फक्त नेटवर्कचा आहे असं आपल्याला वाटतं. पण खरी गोष्ट अशी आहे की नव्वद टक्के फाइल तुमच्या फोनमध्ये आधीच आलेली असते. सर्व्हरला फक्त एवढंच सांगायचं असतं, "बाबा, इथपर्यंत मिळालं, आता पुढचं दे." ब्राउझर कधी हे सांगतो, कधी सांगत नाही. कमांड वापरली तर ते आपण स्वतः सांगू शकतो.

आजच्या लेखात आपण तेच शिकणार आहोत. त्यासाठी लॅपटॉप पाहिजेच असं नाही, अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. आणि नुसतं शिकण्यापेक्षा एक खरं काम हातात घेऊ: आपल्या वाशिम जिल्ह्याचा नकाशा आणि उंचीची माहिती डाउनलोड करायची.

काम काय आहे?

वाशिम जिल्ह्याची एक भारी गंमत आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागातून काटेपूर्णा नदी निघते आणि अकोल्याकडे जाते. तिचं पाणी पूर्णेला, पुढे तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतं. याच जिल्ह्यातल्या अडाण आणि अरुणावती नद्यांचं पाणी मात्र पैनगंगेला जातं. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत ते बंगालच्या उपसागरात पोचतं. म्हणजे एकाच जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन वेगळ्या समुद्रांकडे वाहतो!

आता प्रश्न असा, की आपल्या गावाचं पाणी कुठल्या बाजूला जातं? शेततळं कुठे घ्यावं, नाला कुठून वाहतो, उतार कुठल्या दिशेने आहे? भूगोलाच्या, कृषीच्या किंवा सिव्हिलच्या विद्यार्थ्याला हे काढायचं असेल तर दोन प्रकारच्या फाइल लागतात:

१. जमिनीच्या उंचीची फाइल. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' या अंतराळयानातून ११ दिवसांत पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची रडारने मोजली गेली. त्या मोहिमेचं नाव एसआरटीएम. त्यातली आपल्या भागाची माहिती साधारण ३० मीटरच्या चौकटींत मिळते.

२. रस्ते, गावं, नद्या यांचा नकाशा. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा २००४ मध्ये सुरू झाला. त्याचा डेटा कुणीही फुकट घेऊ शकतो.

दोन्ही फाइल सर्व्हरवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत. पहिली छोटी आहे, दुसरी मोठी. म्हणून छोटीवर हात बसवू, मग मोठीकडे जाऊ.

थोडा इतिहास: यात एका भारतीयाचं नाव पहिलं आहे

एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची, याचे नियम पहिल्यांदा लिहिले ते अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या पहिल्या बॅचचे हे विद्यार्थी पुढे अमेरिकेत एमआयटीला गेले. १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी 'आरएफसी ११४' नावाचा कागद प्रसिद्ध केला. त्यातूनच एफटीपी, म्हणजे फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, जन्माला आला. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो ते तेव्हा नव्हतंही!

एफटीपीने अनेक वर्षं राज्य केलं. पण त्यात एक मोठी उणीव होती: पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्या पोस्टकार्डासारखी जायची. वाटेत कुणीही वाचू शकत होतं. म्हणून २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरांनी एफटीपीचा आधार काढून टाकला.

आता खुल्या फाइल बहुतेक एचटीटीपीएसवरून मिळतात, म्हणजे वेबसाइट उघडतो त्याच वाटेने. आणि स्वतःचं खातं असलेल्या सर्व्हरवरून फाइल आणायची असेल तर एसएफटीपी वापरतात. दोन्ही आपण पाहू.

तयारी: फोनमध्ये टर्मिनल कसं आणायचं?

'टर्मक्स' नावाचं एक मोफत ॲप आहे. ते अँड्रॉइडमध्ये लिनक्ससारखं टर्मिनल देतं. ते एफ-ड्रॉइड या ॲप स्टोअरवरून घ्या. भलत्याच साइटवरून किंवा टेलिग्राम ग्रुपवर आलेली एपीके फाइल टाकू नका.

एक महत्त्वाची सूचना. या लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, म्हणजे त्या कशा म्हणायच्या ते कळावं. टाइप करताना मात्र सगळं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करायचं. जिथे मोठं अक्षर, म्हणजे कॅपिटल, लागतं तिथे तसं सांगितलं आहे. बाकी सगळीकडे छोटं अक्षर. '-' ही छोटी आडवी रेघ आणि त्याआधीची मोकळी जागा विसरू नका.

टर्मक्स उघडल्यावर काळी स्क्रीन दिसेल. घाबरू नका. पहिली कमांड:

पीकेजी इन्स्टॉल डब्ल्यूगेट

इथे 'पीकेजी' म्हणजे पी-के-जी आणि 'डब्ल्यूगेट' म्हणजे डब्ल्यू-जी-ई-टी, सगळं सलग. "पुढे जाऊ का?" असं विचारलं तर वाय दाबून एंटर करा. 'कर्ल', म्हणजे सी-यू-आर-एल, टर्मक्समध्ये आधीपासून असतं.

दुसरी कमांड:

टर्मक्स-सेटअप-स्टोरेज

यानंतर फोन परवानगी मागेल, ती द्या. हे का करायचं? कारण टर्मक्सची स्वतःची जागा फोनच्या फाइल मॅनेजरमध्ये सहज सापडत नाही. फाइल उतरते, पण मग "गेली कुठे?" म्हणून शोधत बसावं लागतं. म्हणून थेट डाउनलोड फोल्डरमध्ये जाऊन उभं राहू:

सीडी स्टोरेज/डाउनलोड्स

'सीडी' म्हणजे फोल्डर बदलणे. आता जे काही आणाल ते फोनच्या नेहमीच्या डाउनलोड फोल्डरमध्येच पडेल.

(कॉलेजच्या लॅबमध्ये विंडोज १० किंवा ११ असेल तर कर्ल तिथेही असतं. 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून कर्लच्या पुढच्या कमांड तशाच चालतील.)

पायरी १: आधी विचारा, मग उतरवा

बाजारात गेल्यावर आपण आधी भाव विचारतो, मग पिशवी पुढे करतो. इथेही तसंच. फाइल न उतरवता फक्त तिची माहिती विचारता येते:

कर्ल -आय -एल पत्ता

इथे आय आणि एल दोन्ही कॅपिटल. 'पत्ता' या शब्दाच्या जागी फाइलची पूर्ण लिंक टाकायची. ब्राउझरमध्ये त्या लिंकवर बोट दाबून धरलं की 'कॉपी लिंक' येतं. ते टर्मक्समध्ये बोट दाबून पेस्ट करा. कॅपिटल एल कशासाठी? कधी कधी सर्व्हर सांगतो, "फाइल इथे नाही, शेजारच्या पत्त्यावर आहे." एल दिलं की कर्ल त्या नव्या पत्त्यावर आपोआप जातं.

उत्तरात बऱ्याच ओळी येतील. त्यातल्या चार बघा:

- पहिल्या ओळीतला आकडा: २०० म्हणजे फाइल आहे. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. ३०१ किंवा ३०२ म्हणजे पुढच्या पत्त्यावर पाठवलं, खाली दुसरं उत्तर असेल ते वाचा.
- 'कंटेंट-लेंग्थ': फाइल किती बाइटची आहे. या आकड्याला १०,४८,५७६ ने भागलं की एमबी मिळतात. आजच्या पॅकमध्ये बसेल का, हे इथेच कळतं.
- 'ॲक्सेप्ट-रेंजेस: बाइट्स': ही ओळ सगळ्यात कामाची. याचा अर्थ, हा सर्व्हर फाइलचा हवा तेवढाच तुकडा द्यायला तयार आहे. म्हणजे नेट तुटलं तरी पुढून सुरू करता येईल.
- 'लास्ट-मॉडिफाइड': फाइल शेवटची कधी बदलली. ही तारीख लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

या एका कमांडला काही केबी डेटा लागतो. पण त्यामुळे शेकडो एमबी वाचू शकतात.

पायरी २: छोटी फाइल, वाशिमची उंची

उंचीच्या फाइल एक अंश बाय एक अंश अशा चौकोनात असतात. फाइलचं नाव चौकोनाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावरून ठेवतात. वाशिम शहर साधारण २०.१ अंश उत्तर आणि ७७.१ अंश पूर्व इथे आहे. म्हणून वाशिमची फाइल 'एन२०ई०७७'. मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा ही गावंही त्याच चौकोनात येतात.

पण रिसोडवाल्यांनो, तुमचं वेगळं आहे! रिसोड २० अंशाच्या किंचित खाली आणि ७७ च्या पश्चिमेला आहे. तुमची फाइल 'एन१९ई०७६'. आणि मालेगाव ७७ रेखांशाच्या आसपास असल्यामुळे तालुका दोन फाइलींत वाटला जातो. त्यामुळे पूर्ण जिल्हा पाहिजे असेल तर चार फाइल घ्या: एन१९ई०७६, एन१९ई०७७, एन२०ई०७६ आणि एन२०ई०७७. एक जरी राहिली तरी नकाशाचा तो कोपरा कोरा दिसेल.

या फाइल ॲमेझॉनच्या खुल्या डेटाच्या साठ्यात 'टेरेन टाइल्स' या नावाने आहेत. पत्ता असा: सुरुवातीला नेहमीचं एचटीटीपीएस, मग 'एस३ डॉट ॲमेझॉनएडब्ल्यूएस डॉट कॉम', मग स्लॅश 'एलिव्हेशन-टाइल्स-प्रॉड', स्लॅश 'स्काडी' (एस-के-ए-डी-आय), स्लॅश 'एन२०', स्लॅश 'एन२०ई०७७ डॉट एचजीटी डॉट जीझेड'. एन आणि ई कॅपिटल. सर्व्हरला छोटं आणि मोठं अक्षर वेगळं वाटतं, त्यामुळे इथे चूक झाली तर फाइल मिळणार नाही.

आता उतरवा:

कर्ल -एफ -एल -ओ पत्ता

एफ छोटा, एल आणि ओ कॅपिटल. कॅपिटल ओ म्हणजे "सर्व्हरवर जे नाव आहे त्याच नावाने सेव्ह कर." आणि छोटा एफ का? तो दिला नाही आणि पत्ता चुकला, तर कर्ल सर्व्हरने पाठवलेलं "सापडलं नाही" हे पानच फाइल म्हणून सेव्ह करतं! नाव बरोबर दिसतं, आत मात्र भलतंच. एफ दिला की असं काही सेव्ह न करता कर्ल सरळ चूक दाखवतं.

पायरी ३: आलं ते पूर्ण आलं का?

बहुतेक लोक ही पायरी सोडून देतात. "डाउनलोड झालं" आणि "बरोबर डाउनलोड झालं" यात फरक आहे. उंचीच्या फाइलीत हे तपासणं खूप सोपं आहे.

शेवटी 'जीझेड' असलेली फाइल आवळून बांधलेली असते आणि तिच्या आतच एक तपासणी-आकडा लिहिलेला असतो. कमांड:

जीझिप -टी फाइलचं-नाव

'जीझिप' म्हणजे जी-झेड-आय-पी. काहीच उत्तर आलं नाही तर फाइल ठणठणीत. "अनपेक्षित शेवट" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आलं तर फाइल अर्धवट आहे. ठीक असेल तर सोडवा:

गनझिप फाइलचं-नाव

'गनझिप' म्हणजे जी-यू-एन-झेड-आय-पी. आता आकार बघा:

एलएस -एल

दोन्हीकडे छोटा एल. आता गणित करू. या फाइलीत ३,६०१ ओळी आणि प्रत्येक ओळीत ३,६०१ जागांची उंची असते. प्रत्येक उंचीला २ बाइट. ३,६०१ गुणिले ३,६०१ म्हणजे १,२९,६७,२०१. त्याची दुप्पट २,५९,३४,४०२. तुमच्या स्क्रीनवर नेमका हाच आकडा दिसला पाहिजे. एक बाइट कमी नाही, एक जास्त नाही. चारही फाइल मिळून सोडवल्यावर १०० एमबीच्या आसपास जागा लागते, तेवढी फोनमध्ये मोकळी ठेवा.

पायरी ४: मोठी फाइल, आणि नेट तुटल्यावर काय?

आता नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा 'जिओफॅब्रिक' ही जर्मन कंपनी देश आणि विभागांप्रमाणे कापून रोज ताजा ठेवते. त्यांच्या डाउनलोडच्या पानावर आशिया, मग इंडिया, मग 'वेस्टर्न झोन' असं जा. यात महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा एकत्र येतं. फक्त वाशिम कापून मिळत नाही, ते नंतर कॉम्प्युटरवर कापावं लागतं. म्हणूनच फाइल मोठी आहे. नेमकी किती, ते पायरी १ च्या कमांडने आजच विचारून घ्या.

उतरवायची कमांड:

डब्ल्यूगेट -सी पत्ता

इथे सी छोटा. हा सी म्हणजे 'कंटिन्यू'. आत काय घडतं ते समजून घ्या. डब्ल्यूगेट आधी फोनमध्ये त्या नावाची फाइल आहे का ते बघतं. असेल तर तिचे बाइट मोजतं. समजा १० कोटी बाइट आलेत. मग ते सर्व्हरला सांगतं, "१० कोटींच्या पुढचे बाइट दे." सर्व्हर तयार असेल तर २०० ऐवजी २०६ हा आकडा पाठवतो. २०६ चा अर्थ "अर्धवट भाग देतोय." मग नवे बाइट जुन्या फाइलच्या शेपटाला जोडले जातात. अशी सोय एचटीटीपीच्या १.१ या आवृत्तीत १९९७ पासून नियमात लिहिलेली आहे. म्हणजे आपण काही जुगाड करत नाही, सर्व्हरला त्याच्याच भाषेत बोलतोय.

रेंज गेली आणि कमांड थांबली तर घाबरू नका. रेंज आल्यावर टर्मक्सच्या खालच्या पट्टीतला वरचा बाण दाबा, तीच कमांड परत दिसेल, एंटर करा. २०६ दिसलं की समजा गाडी पुढच्या स्टेशनवरूनच सुटली.

आणखी दोन सोयी:

- टर्मक्स-वेक-लॉक ही कमांड आधी दिली तर स्क्रीन बंद झाल्यावर फोन डाउनलोड झोपवत नाही. काम झाल्यावर टर्मक्स-वेक-अनलॉक द्यायला विसरू नका, नाहीतर बॅटरी लवकर उतरते.
- एकाच हॉटस्पॉटवर घरातले तिघंचौघं असतील तर कमांडमध्ये '--लिमिट-रेट=३००के' जोडा. मग तुमचं डाउनलोड सेकंदाला ३०० केबीच्या वर जाणार नाही आणि बहिणीचा ऑनलाइन क्लास अडकणार नाही.

इथे तीन खड्डे आहेत, सांभाळा

पहिला खड्डा: सी विसरणे. नेट तुटल्यावर तुम्ही नुसतं 'डब्ल्यूगेट पत्ता' असं दिलं, तर ते जुन्या अर्धवट फाइलीला हात लावत नाही. नावाच्या शेवटी '.१' लावून नवी फाइल शून्यापासून उतरवायला लागतं. तुम्हाला वाटतं पुढे चाललंय, आणि पॅक दुप्पट जातो. म्हणून पहिल्यापासूनच सी लावायची सवय ठेवा.

दुसरा खड्डा: सर्व्हर तुकडे देत नसणे. 'ॲक्सेप्ट-रेंजेस' ही ओळ दिसली नाही किंवा तिथे 'नन' लिहिलेलं असेल तर बहुधा पुढून सुरू करता येणार नाही. मग अशी फाइल गावात बसून मोबाइल डेटावर लावू नका. कॉलेजच्या वायफायवर किंवा वाशिमला गेल्यावर चांगल्या नेटवर एका बैठकीत उतरवा.

तिसरा खड्डा सगळ्यात फसवा आहे: 'लेटेस्ट' नावाची फाइल. आपण काय करतो? रात्री अकराला डाउनलोड लावतो. पॅक संपतो. बारा वाजून गेल्यावर नवा पॅक सुरू झाला की पुढचं उतरवतो. हुशारीच वाटते. पण जिओफॅब्रिकची फाइल रोज बदलते! म्हणजे पहिला अर्धा भाग कालच्या नकाशाचा आणि दुसरा अर्धा आजच्या नकाशाचा. डब्ल्यूगेट फक्त बाइट मोजतं, आत काय आहे ते बघत नाही. ते आनंदाने दोन अर्धे जोडतं आणि "पूर्ण" म्हणतं. फाइल मात्र उघडत नाही.

यावर उपाय सोपा. जिओफॅब्रिकच्या पानावर 'रॉ डिरेक्टरी इंडेक्स' अशी लिंक असते. तिथे तारखेच्या नावाच्या फाइल दिसतात. नावात 'लेटेस्ट' ऐवजी तारीख असलेली फाइल निवडा. ती बदलत नाही. मग दोन रात्रींत उतरवा नाहीतर तीन, जोड बरोबरच बसेल. जिथे तारखेची फाइल नसेल तिथे पुढून सुरू करण्याआधी 'लास्ट-मॉडिफाइड' परत विचारा. तारीख बदलली असेल तर जुना अर्धा भाग टाकून द्या.

पायरी ५: फाइलचा अंगठा तपासा

रेशन दुकानात अंगठा लावला की माणूस तोच आहे हे कळतं. फाइललाही असा अंगठा असतो. त्याला 'चेकसम' म्हणतात. फाइलीतलं एक अक्षर बदललं तरी पूर्ण चेकसम बदलतो. जिओफॅब्रिक प्रत्येक मोठ्या फाइलशेजारी 'एमडी५' नावाची एक इवलीशी फाइल ठेवतं. तिच्यात ३२ अक्षरांचा अंगठा असतो. तीही उतरवा. मग:

एमडी५सम मोठ्या-फाइलचं-नाव

कॅट छोट्या-फाइलचं-नाव

पहिली कमांड तुमच्याकडच्या फाइलचा अंगठा काढते. दुसरी सर्व्हरने दिलेला अंगठा दाखवते. दोन्ही सारखे असतील तर झालं! पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळली तर चालेल असं करू नका, पूर्ण ओळ जुळवा.

एक लक्षात ठेवा. एमडी५ वाटेत फाइल बिघडली का हे सांगतो. कुणी मुद्दाम बदललेली फाइल ओळखायला तो पुरेसा नाही, कारण तो फसवता येतो हे २००४ मध्येच सिद्ध झालं आहे. ॲप किंवा सॉफ्टवेअर उतरवत असाल तर 'एसएचए२५६' चा अंगठा मिळतो का बघा आणि एसएचए२५६सम ही कमांड वापरा.

खातं असलेल्या सर्व्हरवरून फाइल आणायची असेल तर?

आतापर्यंत खुल्या फाइल पाहिल्या. पण समजा कॉलेजच्या लॅबच्या सर्व्हरवर तुमचं खातं आहे, किंवा कंपनीत इंटर्नशिप करताना तुम्हाला लॉगिन दिलंय. तिथे जुनं एफटीपी वापरू नका. वर सांगितलं तसं, त्यात पासवर्ड उघडा जातो.

फिनलंडमध्ये १९९५ मध्ये नेमकं हेच झालं होतं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून वाचले. तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच बनवलं. आपल्या उपयोगाचं एसएफटीपी त्याच कुलूपबंद वाटेने चालतं. टर्मक्समध्ये 'पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच' द्या आणि मग:

एसएफटीपी यूजरनेम@सर्व्हरचा-पत्ता

पहिल्यांदा जोडताना तो सर्व्हरचा 'फिंगरप्रिंट' दाखवून विचारेल, हाच सर्व्हर का? ज्यांनी खातं दिलं त्यांच्याकडून तो विचारून घ्या आणि जुळला तरच 'येस' टाइप करा. पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाही. कीबोर्ड बिघडला असं समजू नका, पूर्ण टाइप करून एंटर करा.

आत गेल्यावर या कमांड पुरतात:

- एलएस: तिकडे काय काय आहे
- सीडी: तिकडचं फोल्डर बदल
- एलसीडी: आपल्या फोनमधलं फोल्डर बदल
- गेट फाइलचं-नाव: ती फाइल इकडे आण
- रीगेट फाइलचं-नाव: मध्येच तुटली होती, पुढून आण
- बाय: बाहेर पड

'एससीपी' नावाची आणखी एक कमांड आहे, एका ओळीत काम होतं. पण तिला पुढून सुरू करता येत नाही. आपल्याकडच्या नेटवर मोठी फाइल असेल तर एसएफटीपी आणि रीगेट हीच जोडी बरी.

जाता जाता तीन सवयी

पहिली: कुठूनही आलेली कमांड डोळे झाकून पेस्ट करू नका. विशेषतः ज्या ओळीत कर्लनंतर उभी रेघ आणि 'बॅश' किंवा 'एसएच' लिहिलेलं असतं, ती ओळ नेटवरून काहीतरी आणून लगेच तुमच्या फोनवर चालवते. आधी उतरवा, वाचा, मग ठरवा.

दुसरी: सर्व्हर कुणाचा तरी असतो. खुल्या डेटाचे सर्व्हर अनेकदा देणग्यांवर किंवा एखाद्या छोट्या कंपनीच्या मेहनतीवर चालतात. एका वेळी एक फाइल घ्या, गरज नसताना तीच फाइल रोज उतरवू नका. वर्गातल्या दहा जणांना पाहिजे असेल तर एकाने आणा, अंगठा तपासा आणि पेन ड्राइव्हवर वाटा. दहा जणांचा पॅकही वाचेल.

तिसरी: डाउनलोडच्या फोल्डरमध्ये एक साधी नोट ठेवा. फाइल कुठून आणली, कुठल्या तारखेची, आकार किती. प्रोजेक्टच्या वायवामध्ये सर विचारतात, "डेटा कुठला?" तेव्हा हीच नोट कामाला येते.

फाइल हातात आल्या की त्या लॅबच्या कॉम्प्युटरवर न्या आणि 'क्यूजीआयएस' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. उंचीच्या चार फाइल शेजारी शेजारी बसतील, वर गावं आणि नद्या दिसतील. मग तुमच्या शिवारातल्या नाल्यावर बोट ठेवा आणि उताराच्या दिशेने खाली खाली जा. ते पाणी काटेपूर्णेला मिळतं की पैनगंगेला, हे तुम्हाला स्वतःला सापडेल. गावात ग्रामसभेत शेततळ्याचा किंवा बंधाऱ्याचा विषय निघाला तर अंदाजाने नाही, नकाशा दाखवून बोलता येईल.

आणि डाउनलोड नव्वद टक्क्यांवर तुटलं तर आता कपाळावर हात मारायचा नाही. वरचा बाण, एंटर, आणि २०६.

कमांड देताना कुठे अडलात तर स्क्रीनवरची चुकीची ओळ पूर्ण वाचा, बहुतेक वेळा कारण त्यातच लिहिलेलं असतं. माहिती उपयोगी वाटली तर गावाकडच्या मित्रांनाही सांगा. भेटू पुढच्या लेखात.